हवा दे

४ फेब्रुवारी

शहाण्या,

आशीर्वाद वगैरे काही नाहीत, शोधत बसू नकोस. पत्रास कारण एवढंच की फोनवर तू मध्ये मध्ये बोलतोस आणि मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. कागद मध्ये बोलत नाही.

तुझं पाकीट मिळालं. आत चार पानं. बाबांची विचारपूस अडीच ओळींत उरकलीस आणि बाकी सगळं त्या सुनावणीबद्दल. बाबा दवाखान्यातून घरी येऊन जेमतेम आठ दिवस झालेत आणि मुलाला काळजी कसली, तर दोन मार्चला चौकशी अधिकाऱ्यासमोर बहीण काय बोलणार याची.

मी काय बोलणार ते बोलून झालंय. नऊ जानेवारीला सकाळी तू बसवलेल्या टाकीचा कॉक आपोआप सैल झाला. कार्बन डायऑक्साइड नळ्यांतून पॉलिहाऊसमध्ये भरत गेला. बाबा मागच्या कोपऱ्यातल्या पंपाच्या खड्ड्यात उतरले होते, आणि तो वायू जड, त्यामुळे आधी खड्ड्यातच साठला. असा जबाब मी दिलाय आणि खाली सही केली आहे. त्यामुळे तुझी कामं थांबवली असतील तर थांबू देत. सुनावणीत तुझा परवाना कायमचा जाणार असेल तर तोही जाऊ दे. लोकांच्या काकड्या त्या टाक्यांशिवायही वाढत होत्या.

बाबांची तब्येत विचारलीस म्हणून सांगते. उठतात, चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात. मेंदूला काही मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, त्यात बोलण्याचा भाग दुखावला, असं डॉक्टर म्हणतात. शब्द गेले. एकच उरलाय, काहीही झालं तरी तोच बाहेर येतो. तो कुठला ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही.

भेटायला येऊ का, असं विचारलंयस. नको.

अक्का


११ फेब्रुवारी

शहाण्या,

तू लिहितोस, "अक्का, कॉकचा दांडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पूर्ण उघडा होता. तो घट्ट आहे, मनगट लावल्याशिवाय फिरत नाही. कोणीतरी तो फिरवला."

कोणीतरी म्हणे. त्या सकाळी तिथे होतं कोण? बाबा आत, मी बाहेर. पॅकिंगच्या बायकांना सुट्टी होती आणि खोकी न्यायला येणारा ड्रायव्हर अजून यायचा होता. मग कोणीतरी कशाला म्हणतोस, सरळ माझं नाव घे ना. लहानपणी बरणी फुटली की बाबांसमोर असाच उभा राहायचास, "कोणीतरी फोडली" म्हणत, आणि डोळे माझ्याकडे.

फोटोही काढून ठेवलायस दांड्याचा. ड्रायव्हरच्या फोनवर धावत आलास, आणि बाबांना उचलून गाडीत घालत होते तेव्हा तू टाकीपाशी जाऊन फोटो काढत होतास. वा रे पठ्ठ्या.

आता माझं ऐक. तुझ्या जबाबात तू म्हणतोस की आतला वायू मोजणारा सेन्सर दुरुस्तीला नेला होता. दुरुस्तीला? तुझ्या त्या गुलाबवाल्या गिऱ्हाइकाकडे मोठे पाहुणे बघायला येणार होते आणि त्याचा सेन्सर ऐनवेळी बंद पडला, म्हणून तू आपल्या घरचा काढून त्याच्याकडे लावलास. माझ्यासमोर काढलास, मीच तुला स्टूल धरलं होतं. तो जागेवर असता तर आतला आकडा हजाराच्या वर जाताच यंत्राने गॅस आपोआप बंद केला असता. बाबा खड्ड्यात असोत नाहीतर विहिरीत, त्यांना काही झालं नसतं. तो नव्हता म्हणून तू मला काय सांगितलंस? "दोनच दिवसांचा प्रश्न आहे अक्का. बाबा पानं बघून सांगतील तेव्हा हाताने दहा मिनिटं सोड." आणि मला दांड्याचे धडे देतोस. चोराच्या उलट्या बोंबा.

दांड्याला हात लावायला तू सांगितलंस. मी लावला असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

अक्का


१८ फेब्रुवारी

शहाण्या,

एक ओळीचं पत्र पाठवलंस. "तू चिडलीस की हळूहळू खरं बोलायला लागतेस, म्हणून मी थांबतो." असल्या ओळी लिहायला वेळ बरा मिळतो. हो, काम बंद आहे नाही का.

खरं हवंय ना, मग हे घे.

तू ती टाकी आणलीस तेव्हा पॅकिंगच्या बायका दोन दिवस कामावर आल्या नाहीत. गॅस म्हटल्यावर त्यांना स्फोट दिसायला लागला. मग तू त्यांना ओळीत बसवून शिकवणी घेतलीस. आपण श्वास सोडतो त्यातलाच हा वायू, झाडं तो खातात, ऊन असताना त्यांना तो जास्त दिला तर ती जास्त वाढतात. त्यांनी मान डोलावली आणि तिसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. शेवटी तू फर्मान काढलंस की आजपासून इथे गॅस हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. हवा म्हणायचं, झाडांची हवा. दांड्याच्या वर लाल रंगाने स्वतःच लिहिलंस, "हवा". बायका आल्या. तुझ्याही डोक्यात हवा गेली.

आणि बाबांचं काय? बाबा चाळीस वर्षं "हवा दे" म्हणत आले. ऊन चढलं की आतून हाक यायची, "हवा दे", आणि आपल्यापैकी जो जवळ असेल तो हँडल फिरवून बाजूचे पडदे वर गुंडाळायचा. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा त्या हँडलला लोंबकळायचास. बाबांची हवा म्हणजे वारा. तुझी हवा आली आणि पडदे खाली गेले, कारण पडदे उघडले की तुझा महागाचा वायू बाहेर जातो. तू बाबांना बजावलंस, "बाबा, तुम्ही आता हवा म्हणू नका, पडदे म्हणा, नाहीतर घोटाळा होईल." सत्तरीच्या माणसाला स्वतःचा शब्द सोडायला लावलास. ते बिचारे म्हणायचेही पडदे. दहातल्या नऊ वेळा म्हणायचे.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. आमच्याकडे शहाण्याच्या शब्दाचा मार बाकीच्यांनी खाल्ला.

तुझी हवा लागू पडली हे मी नाकारत नाही, खोटं का बोलू. पानं ताटाएवढी झाली. काकड्या एरवीपेक्षा आठ दिवस आधी काढणीला आल्या आणि खोकी कमी पडली. बाबा वेलींवरून हात फिरवत म्हणाले होते, "पोरगं शहाणं आहे, पण दारं बंद करून जेवायला घालतं." तुझ्यासमोर नाही म्हणाले. तू खूश झाला असतास.

अक्का


२४ फेब्रुवारी

तुझी दोन पत्रं आली. उत्तर द्यायला वेळ नाही. वेली आडव्या पडल्यात, बांधायला माणसं नाहीत, आणि टाकीला तुझ्या अधिकाऱ्यांनी सील ठोकलंय. पडदे उघडे ठेवते. पानं पुन्हा लहान यायला लागली आहेत.

आठवड्यातून दोनदा बाबांना बोलायला शिकवणारी बाई येते. चित्रं दाखवते. पेला, चष्मा, खुर्ची, पोळपाट. "बाबा, हे काय?" बाबा चित्राकडे बघतात, घाम फुटेपर्यंत ओठ हलवतात आणि म्हणतात, "हवा."

झालं, कळलं तुला. पेला दाखवला तरी हवा आणि खुर्ची दाखवली तरी हवा. सकाळी उठले की माझ्याकडे बघून हवा. जेवताना हवा. माझी पाठ फिरली की हवा. मी भांडी घासायला निघून जाते. घासलेली भांडी पुन्हा घासते. ती बाई मला म्हणाली, "तुम्ही त्यांच्याजवळ बसत जा, त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय." मी म्हटलं, बाई, तुम्ही तुमचं काम करा.

सुनावणीला येणार आहे. जबाब बदलणार नाही.

अक्का


१ मार्च, दुपार

शहाण्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. खोक्यांचा ड्रायव्हर तुझ्या घरावरूनच जातो, त्याच्या हातात देते. संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

त्या सकाळी चहा घेताना मी बाबांना विचारलं, "हवा द्यायची का?" ते म्हणाले, "पानं बघतो, मग सांगतो." हे त्यांनी मला तुझ्या भाषेत विचारू दिलं आणि तुझ्याच भाषेत उत्तर दिलं. ते आत गेले. मी टाकीपाशी उभी राहिले. कोवळं ऊन होतं, पडदे खाली होते. आत ठिबकचं पाणी कमी पडतंय म्हणून ते मागे पंपाच्या खड्ड्यात उतरले. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, पानं बघतायत.

आतून हाक आली. "हवा दे गं."

मी दांडा फिरवला. नळीवर पांढरं बर्फ धरायला लागलं. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. म्हातारबांनी शेवटी तुझा शब्द उचलला असं वाटलं. रात्री फोन करून तुला चिडवायचं मी ठरवलं होतं, की बघ, तुझा शिष्य तयार झाला.

थोड्या वेळाने परत हाक आली, जरा वैतागून. "अगं, हवा दे. किती वेळ?"

मी अर्धाच फिरवला होता. मनगट लावून पूर्ण फिरवला.

मग हाक आली नाही. मी म्हटलं, झालं समाधान. शेडमध्ये जाऊन खोक्यांवर चिकटपट्ट्या लावत बसले. दहा मिनिटांची पंचवीस झाली, माझं लक्ष नव्हतं. ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "बाबा कुठे आहेत?" मी म्हटलं, आत. तोच आत गेला, तोच ओरडला, त्यानेच श्वास रोखून त्यांना खड्ड्यातून वर ओढलं. मी पडद्याचं हँडल फिरवत होते. ते फिरवताना मला समजलं की ते मघापासून हेच मागत होते.

खड्ड्यात कोंडल्यासारखं झालं असेल, ऊन चढलं असेल, आणि तोंडात चाळीस वर्षांचा शब्द आला. तुझं फर्मान त्या क्षणी कोणाला आठवणार. माझा बाप गुदमरत हवा मागत होता आणि मी त्याला तुझी हवा देत होते.

तू पोचलास तेव्हा दांडा पूर्ण उघडा होता, तूच तो बंद केलास. फोटो खरा आहे.

आता माझा राग ऐक, कारण तो अजून तसाच आहे. सेन्सर तू काढलास, शब्द तू बदललास, आणि आपल्याच घरात एका शब्दाच्या दोन हवा करून निघून गेलास. मी एकटीच गुन्हेगार आहे असं मी मानत नाही. पण हात माझा होता, आणि ते कधीतरी डोळ्यांत बघून मला जाब विचारतील याची मला इतकी भीती वाटते की मी त्यांच्या खोलीत दोन मिनिटं बसू शकत नाही. ते सगळ्या जगाला एकच शब्द ऐकवतात आणि मला प्रत्येक वेळी वाटतं की माझ्यावर बोट ठेवतायत.

उद्या मी माझा जबाब बदलणार नाही. माझ्यात तेवढी हिंमत नाही. हे पत्र तुझ्याकडे आहे. परवाना वाचवायचा असेल तर अधिकाऱ्यासमोर ठेव. माझं अक्षर आहे, मी नाही म्हणणार नाही.

अक्का


३ मार्च

अरे मूर्खा,

शहाणा म्हणायची माझी इच्छा नाही.

काल तू त्या बाकावर बसला होतास, निळा शर्ट, हातात फाईल. तू उठून उभा राहिलास आणि मी तुझ्यासमोरून सरळ आत गेले. तू माझ्याआधी आत जाऊन आला होतास हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, फाईलमध्ये माझं पत्र आहे.

अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचं काम सोपं आहे. तुमचे भाऊ आत्ताच सांगून गेले. सेन्सर त्यांनी स्वतः काढून दुसरीकडे लावला होता, आणि कॉक सदोष होता, तो आपोआप सैल झाला. सगळी चूक आपली असं त्यांनी लिहून दिलंय. तुमच्या जबाबाशी जुळतंय. इथे सही करा आणि निघा."

मी विचारलं, "दांड्याचा फोटो नाही दाखवला?"

"कसला फोटो?"

"आणि पत्र?"

"कसलं पत्र?"

माझ्या हातात पेन होतं. कागदावर माझ्या सहीची जागा फुलीने दाखवली होती. तेवढी सही केली असती तर मी सुटले होते, कायमची. मेहरबानी केलीस माझ्यावर, अं? कोणी सांगितला होता तुला हा मोठेपणा? मोठी मी आहे. दीड महिना मी तुझ्यावर खापर फोडतेय, आणि तू ते मुकाट्याने डोक्यावर घेऊन बाकावर बसलास. मला इतका संताप आला की पेन टेबलावर आपटलं.

मी म्हटलं, "साहेब, भाऊ खोटं बोलतोय. सेन्सरचं खरं आहे, कॉकचं खोटं. कॉक चांगला आहे. तो मी फिरवला."

मग सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच. ते लिहून घेत होते. मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे वडिलांनी हवा मागितली आणि तुम्ही दिली." मी हो म्हटलं. "दोनदा मागितली?" हो. "दोनदा दिली?" हो. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तुमच्या घरात काय बोलायचं ते ठरवून येत नाहीत का?" मी म्हटलं, आमच्या घरात शब्द ठरवले म्हणूनच हे झालं.

कॉक निर्दोष धरतील. सेन्सर काढल्याबद्दल तुला सहा महिने काम करता येणार नाही, पण परवाना राहील, असं कारकून म्हणाला. माझं काय करायचं ते कळवणार आहेत. कळवू देत.

घरी आले ती चप्पल न काढता बाबांच्या खोलीत गेले. ते खिडकीपाशी खुर्चीत होते. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. बाबा, तुम्ही पडदे मागत होता. मी कॉक सोडला. दुसऱ्यांदा हाक मारलीत तेव्हा अजून सोडला. त्यांनी ऐकलं. सगळं कळत होतं त्यांना, डोळ्यांवरून दिसत होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ताप बघायचे तसा. मग म्हणाले, "हवा."

मी उठून खिडकी उघडली. त्यांनी मान हलवली. नाही. पुन्हा म्हणाले, "हवा." मी पंखा लावला. त्यांनी वैतागून तोंड फिरवलं, तेच ते, हाक दोनदा मारायला लागली की फिरवायचे तसं. आणि मला त्या शिकवणाऱ्या बाईचे शब्द आठवले. परवा ती म्हणाली होती की काही माणसांच्या वाक्याचा आधीचा भाग जातो आणि शेपूट राहतं, तुम्ही आधीचा शब्द शोधून द्या. मी तेव्हा तिला झिडकारलं होतं.

मी टेबलावरचा चष्मा उचलला. म्हटलं, "बाबा, चष्मा हवा?" त्यांनी झटकन हात पुढे केला. चष्मा घातला आणि हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

घरी आल्यापासून तो माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणत होता, पेला हवा, चष्मा हवा, टॉवेल हवा, आणि मी प्रत्येक वेळी स्वतःचा गुन्हा ऐकून भांडी घासायला पळत होते. पुन्हा त्यांनी एक मागितलं आणि मी दुसरंच ऐकलं. तिसऱ्यांदा. याला काय म्हणायचं ते तू सांग, तू शिकलेला आहेस.

मग मी एकेक वस्तू दाखवत गेले. चहा हवा? नको, मान हलली. काठी? नको. पेपर? नको. त्यांनी चष्म्यातून टेबलाकडे बघितलं आणि बोट ठेवलं. तिथे तुझी पत्रं पडली होती, सगळ्यात वर ते एक ओळीचं. पाकिटावरच्या तुझ्या अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "हवा."

मी मुद्दाम विचारलं, "पत्र हवं?" त्यांनी मान हलवली. नाही. पत्र हवं असतं, हवा नसतं. एवढं व्याकरण शाबूत आहे अजून त्यांचं.

तेव्हा ये. रविवारी ये, सकाळी, पडदे उघडायच्या वेळेला. येताना सेन्सर घेऊन ये, तो आपल्या घरचा आहे. आणि लाल रंग पुसायला काहीतरी घेऊन ये, त्या दांड्यावरचं तुझं तू पुसायचंस. मी काही तुला माफ केलेलं नाही, दारात आल्यावर गळ्यात पडायला जाऊ नकोस. जेवायला वाढीन, बोलेनच असं नाही.

मला तू नको आहेस. त्यांना हवा आहेस.

अक्का